पाठमोरी

आमच्या केडगावात बायांनी तिला नाव ठेवलं होतं, पाठमोरी. गावोगाव पृथ्वी तापत चालल्याचा पिक्चर दाखवत फिरायची, आणि पिक्चर सुरू झाला की स्वतः पडद्याकडं पाठ करून बसायची. सगळं गाव पडद्याकडं बघायचं, ती गावाकडं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पिक्चर शंभरदा बघून झालाय. तुमचे चेहरे बघायचे राहिलेत."

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं तिला जीप, प्रोजेक्टर आणि एक पांढरा पडदा देऊन आमच्या भागात धाडलं होतं. सहावा महिना लागलेला, तरी खड्ड्याखुड्ड्यातून हिंडायची. बाया जमवायला ताईनं मला बरोबर घेतलं; मी तिला ताईच म्हणायचे. मी तेव्हा बचत गटाची अध्यक्षीण. वय पन्नाशीचं आणि अक्कल विशीची. पृथ्वीचं मला काही सोयरसुतक नव्हतं, पण जीपमध्ये पुढची सीट मिळत होती. नवी साडी नेसून, काच खाली करून, आमदारीण असल्यासारखी बसायचे. ओळखीचं कुणी दिसलं की उगाच खोकायचे.

कारेगावात कंपनीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर आली. बर्फावरचं अस्वल बघून शिट्ट्या पडल्या. एकजण ओरडला, "मॅडम, उधर कोई कंपनी है क्या? हम चले जाएंगे." सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मग पडद्यावर भेगाळलेली जमीन आली, आटलेल्या तळ्यात रुतलेली गुरं आली. जमीन परमुलखातली होती म्हणे, पण दिसायला थेट आमच्या शिरूरच्या माळासारखी. शिट्ट्या थांबल्या. परत येताना ताई म्हणाली, "मावशी, जास्त हसणारी माणसं आधी घाबरलेली असतात. तुम्ही फार हसता." नाक्यावर ओळखीचं माणूस दिसलं. खोकलासुद्धा आला नाही.

ताई शास्त्र शिकलेली. ग्रहणात पोटुशीनं विळी धरू नये असं म्हटलं की तिला हसू यायचं. थोरल्याच्या वेळी मी सबंध ग्रहणभर बोटसुद्धा दुमडलं नव्हतं, हे तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं विचारलं, "मग थोरला सरळ निघाला का?"

"कुठला. बायकोचं ऐकतो," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली. त्या हसण्यातच मी विचारून घेतलं, की पडद्याकडं पाठ का करतेस, खरं सांग. चौफुल्याला चहाला थांबलो होतो. तिनं कप खाली ठेवला.

"भीती वाटते, मावशी. पोटातल्याला हे दिसू नये असं वाटतं. खुळेपणा आहे, कळतं मला. आणि पुढं हे सगळं बघायचंय ते त्यालाच."

माझा चहा तसाच राहिला. तोवर मला तो पिक्चर म्हणजे जीपची फेरी होती. त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब लागला की त्यातलं ऊन कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर पडणार आहे.

शेवटचा खेळ खुटबावला, शाळेच्या पटांगणात. निम्मा पिक्चर झाला असेल, पुढं बसलेली एक म्हातारी पदर सावरत उभी राहिली. पडद्याकडं नाही, ताईकडं बघत म्हणाली, "बाई, तुझ्याच्यानं बघवंना, आन् आमाला दावतीस व्हय?"

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. ताई हाताचा आधार घेत उठली, म्हातारीच्या आणि माझ्या मधे सतरंजीवर येऊन बसली आणि तिनं पडद्याकडं तोंड केलं. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात माझं मनगट. पडद्यावर कोरड्या विहिरीत दोर धरून उतरणारी बाई आली तेव्हा ताईची नखं माझ्या कातड्यात रुतली. म्हातारी हळूच म्हणाली, "बघ. त्यालाबी बघू दे. आंधळ्यापरीस भ्यालेलं बरं."

बाळंतपणाला ती विदर्भात माहेरी गेली, तेही ऐन मे महिन्यात. तिकडच्या उन्हाच्या बातम्या आल्या की मला घास जाईना. ताईच्या संगतीनं ग्रहण मानत नाही म्हणून मिरवणारी मी, दाराला लिंबाचा पाला बांधून बसले. शेवटी फोन आला: मुलगी झाली, धडधाकट आहे. तिनं रडणं ऐकवलं. इकडं मीपण तेच ऐकवलं. पुढं संस्थेचं काम बंद पडलं, फोनचे नंबर बदलले, आणि ताईची गाठ पडायची राहिली ती राहिलीच.

आता मी सत्तरीची. यंदा माझ्या नातसुनेला सातवा आहे. परवा दुपारी टीव्हीवर उन्हानं कोसळलेली माणसं दाखवत होते. रस्त्यावर एक चप्पल तशीच पडलेली. ती म्हणाली, "आजी, बंद करा ना. भीती वाटते."

रिमोट माझ्याच हातात होता. तो मी कुणाला देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भीती मलाही वाटत होती. मी बंद नाही केला. तिच्याजवळ सरकले आणि मनगट पुढं केलं.

"धर," म्हटलं. "नखं रुतली तरी चालतील."