बघायचा चमचा

"तो खाली ठेवा." एम्रिसकाका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागून मी नुकताच राहायला आलो होतो. ओळख करून घ्यावी म्हणून शिऱ्याचं भांडं घेऊन समोरच्या घरी गेलो. वाढायला काही दिसेना, आगाऊपणा अंगात होताच, म्हणून भिंतीवरचा लाकडी चमचा काढला. तो शिऱ्यात बुडणार, एवढ्यात हा सत्तरी उलटलेला माणूस असा काही ओरडला की माझा हात हवेतच थांबला.

मग त्यांनीच बसवून समजावलं. काका मूळचे वेल्सचे, स्नोडन पर्वताच्या पायथ्याच्या गावातले. तिकडे मुलगा आपल्या आवडत्या मुलीला स्वतः कोरलेला चमचा देतो. सगळा एकाच लाकडातून, कुठेही सांधा नाही. यांच्या चमच्याच्या दांड्यावर वेल्सच्या झेंड्यावरचा ड्रॅगन होता आणि टोकाला दोन कड्यांची साखळी. त्यांच्या पत्नी हेल्गाकाकू तरुणपणी जर्मनीहून स्नोडन बघायला गेल्या होत्या. ढगांमुळे डोंगर दिसला नाही, काका दिसले.

"आल्झो, तर मग, हा बघायचा चमचा आहे. जेवायचा नाही," काकांनी बजावलं.

"जन्म गेला," काकू आतून म्हणाल्या. "चमचा दिला, पण त्याने जेवू काही देत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका खुशीत म्हणाले.

माणूस हट्टी. एक मार्चला, वेल्सच्या संताच्या दिवशी, कोटाला तिकडचं मानाचं फूल, पिवळं डॅफोडिल, लावून बेकरीत जायचे आणि कुणी फुलाची चौकशी केली नाही तर रुसून घरी यायचे. जिन्यात त्यांनी वेल्समधल्या कार्नारव्हनच्या किल्ल्याचं चित्र लावलं होतं. तो इंग्रज राजाने तुम्हाला दाबायला बांधला ना, असं मी एकदा डिवचलं. त्यावर, दगड तर आमचाच आहे, म्हणाले.

पुढे काकूंची स्मृती जाऊ लागली. आधी माझं नाव गेलं, मग काकांचं. गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि तो उतरल्यावर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. एके दिवशी सकाळी आलेली नर्स स्पष्ट बोलून गेली: उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नळीने भरवावं लागेल. काकूंनी चांगल्या असताना सांगून ठेवलं होतं की नळी नको, आणि काका तो शब्द मोडणार नव्हते. याचा अर्थ काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी भात अगदी मऊ शिजवला, हळद आणि तूप घातलं. काकांनी स्टीलचा चमचा ओठांना लावला. काकूंनी मान फिरवली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भात गार होत होता आणि मला काकांकडे बघवेना. तेवढ्यात काकूंचा हात पांघरुणाबाहेर आला आणि बोट भिंतीकडे गेलं.

"तो नको, हेल्गा," काका सवयीने म्हणाले.

बोट खाली आलं नाही.

काका उठले. त्यांनी चमचा खिळ्यावरून काढला, नळाखाली धरला, बराच वेळ धुतला. परत आले तेव्हा साखळीची कडी खुळखुळत होती. चमचा ओठांपाशी पोचला आणि तिथेच राहिला. काका त्यांच्या वेल्श भाषेत काहीतरी पुटपुटले, मला समजलं नाही. मग काकूंचं तोंड उघडलं.

सगळा उन्हाळा त्या त्याच चमच्याने जेवल्या. पानगळीत गेल्या, घरात, झोपेत, कुठलीही नळी नसताना.

काका वेल्सला परत निघाले तेव्हा सामान बांधायला मी गेलो होतो. चमच्यावर हळदीचा पिवळा डाग चांगलाच मुरला होता. मला अपराधी वाटलं. लिंबू लावून उन्हात ठेवला तर डाग जाईल, मी म्हणालो.

काकांनी चमचा माझ्या हातातून घेतला, सदऱ्यात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "ती जेवली होती, एवढं दिसू दे."