तारांची युनिट्स आणि आमचा टॅक्स

बारामतीत टॅक्सचं ऑफिस चालवायचं म्हणजे रिटर्न कमी आणि किस्से जास्त! रिटर्न एकदाचे भरून होतात, किस्से मात्र साठतच जातात. सध्या भर पडतेय ती वीजवाहिन्यांच्या ट्रस्टमुळे. टॉवर आणि तारा ट्रस्टच्या मालकीच्या, त्याची युनिट्स, म्हणजे छोटे हिस्से, शेअर बाजारात मिळतात आणि दर तिमाहीला त्यांवर पैसे येतात. आमच्या ऊसवाल्यांना हे फार आवडलंय. टॅक्सचं कळलं की मात्र सगळे माझ्याकडे!

सांगवीचे तात्या म्हणाले, "मॅडम, ह्ये शेतीचं उत्पन्न दावा. टॅक्स न्हाय लागत."

"तात्या, हे ट्रस्टकडून आलेलं व्याज आहे."

"असंल. पर टॉवर माझ्या उसात हुबा हाय. पानी मीच देतो तितं!"

पणदऱ्याच्या आबांचा टीडीएस कापला गेला. टॅक्स कापू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांचा जो फॉर्म बँकेत चालतो तो इथे चालत नाही, असं मी तीनदा सांगितलं. आबांनी शांतपणे आधार कार्ड पुढे सरकवलं. "मी म्हातारा हाय ह्ये त्यास्नी ठावं नसंल."

इंदापूरचे डाळिंबवाले भाऊराव तर रुसूनच आले. स्टेटमेंटमध्ये एक रक्कम 'भांडवल परत' म्हणून होती. तिच्यावर आत्ता टॅक्स नाही, फक्त विकताना तेवढी खरेदी किंमत कमी धरायची, असं मी समजावत होते. भाऊरावांचं लक्षच नव्हतं.

"टॅक्सचं ऱ्हाऊ द्या. आमी परत मागितलं हुतं का? माझं काय चुकलं?"

आणि मागच्या महिन्यात शांतामावशी आल्या, मुलाला घेऊन. यजमान गेल्यावर त्यांची युनिट्स नुकतीच मावशींच्या नावावर झाली होती. नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी ती विकायची होती, मुदतीला चारच दिवस उरले होते आणि मावशी सहीच करेनात.

"त्येंनी घेतल्यालं शेवटचं हाय त्ये. मी न्हाय मोडायची."

मुलगा वैतागून मला म्हणाला, "आन नावावर हून महिनाच झालाय. लगीच इकलं म्हून टॅक्स बी जास्त बसंल न्हवं?"

"नाही. वारशानं आलेल्या युनिट्सना आधी ज्यानं ठेवली त्याचेही दिवस मोजतात. बाबांनी तीन वर्षं ठेवली, ती सगळी मावशींचीच."

मावशींनी मान वर केली. "म्हंजी त्येंचं दिस माझ्यात धरत्यात?"

"हो मावशी. कायद्यातच आहे."

"आन इकलं तरी?"

"विकलं तरी."

मावशींनी चष्मा लावला, पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. मग मला हळूच विचारलं,

"मॅडम, ज्यानं ह्यो कायदा केला, त्याचं बी कुनीतरी गेलं असंल का वो?"