नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?

तिसऱ्या मजल्यावरच्या कृपयाकाकू आणि प्लंबर यांच्याबद्दल जिन्यात जी कुजबुज चालायची, ती मी सुरू केली नाही. मी फक्त ऐकून घेतली आणि पुढे सांगितली. तीन रविवार तो सकाळी यायचा, दार बंद व्हायचं, पान्याचा आवाज म्हणून नाही, आणि दोन तासांनी गडी घामाघूम होऊन बाहेर. तेवढा वेळ काका, म्हणजे काकूंचे यजमान, मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्यात. पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "बाईनं या वयात दिवे लावले."

कृपयाकाकू हे नाव आम्हीच पाडलेलं. बाईंनी तीस वर्षं शिलाई मशीनच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहिली. कृपया सुईखाली बोट घालू नये, वगैरे. नवऱ्याला दळण आणायला पाठवतानाही आधी कृपया.

काकांचा नाद वेगळा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक कम्पायलर आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही, ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून घडवतात. काका त्यातलं जुनं खोड. मदतीला नवे लोक यायचे, काकांनी लिहिलेली मार्गदर्शिका वाचायचे आणि धूम ठोकायचे. वर्षात अकरा पळाले. सगळं काम एकट्या काकांच्या मानेवर, आणि मानेला पट्टा.

"अहो, ती मार्गदर्शिका नव्याने लिहायला हवी."

"तिला काय धाड भरलीय? ज्याला कळत नाही त्याने येऊ नये."

"मग बसा पट्टा घालून."

काकूंची कारखान्यातली रीत अशी की, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्या हातात कागद द्यायचा, आपण मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. प्लंबर नळ बघायला आला होता. त्यालाच संगणकासमोर बसवलं. मार्गदर्शिकेच्या तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं, 'यानंतर नेहमीप्रमाणे बिल्ड करा.'

"काकू, नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? मी तर आजच आलोय."

काकूंनी वहीत टिपलं.

दुसऱ्या रविवारी बिल्ड, म्हणजे अख्खा कम्पायलर नव्याने बांधून काढणं, सुरू केलं आणि संगणकाचा पडदा चाळीस मिनिटं हलेना. प्लंबर उठून उभा राहिला. "मोडलं वाटतं. आईशपथ, मी नुसतं बोट लावलं." मार्गदर्शिकेत याबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण काका तेवढ्या वेळात अंघोळ उरकतात. काकूंनी लिहिलं, 'कृपया घाबरू नये. चाळीस मिनिटं काहीही दिसणार नाही.'

तिसऱ्या रविवारी काकूंची नवी पानं वाचत प्लंबरने कम्पायलरच्या एका सूचनेतलं वेडंवाकडं वाक्य सरळ केलं आणि पाठवून दिलं. जिन्यात काकांनी ते तपासलं, स्वीकारलं आणि दार ठोठावलं.

"अगं, कोणीतरी नवा आलाय. पहिल्या फटक्यात बरोबर. चांगला मुरलेला दिसतो."

"आत बसलाय. या, भेटा."

त्याच दुपारी काकांनी आपली मार्गदर्शिका उतरवून काकूंची चढवली. प्लंबरने जाताना पुढचं काम मागून घेतलं.

दार बंद असायचं ते काकांमुळे. पहिल्या दिवशी ते खुर्चीमागे उभे राहून उत्तरं सांगत होते, म्हणून काकूंनी त्यांना बाहेर काढलं होतं.