खाली आलेला आकडा

रोज सकाळी दूध आणायला मी गावच्या डेअरीवर जातो, तेव्हा तो रांगेत असतोच. नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या म्हशीच्या दुधाचा नमुना मशीनला लागला की तो किटलीच्या झाकणावर हात ठेवून आकड्याकडे बघत राहतो. फॅट चांगली लागली की मिशीवरून बोट फिरवतो. कमी लागली की मशीन खोटं, डेअरीवाला खोटा, आणि आम्ही मागचे ताटकळत. मला त्याचा रागच यायचा.

उन्हाळ्यात त्याच्या भावाला ऐन चाळिशीत हार्ट अटॅक आला. भाऊ वाचला, पण डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं, पोरांचंसुद्धा, रक्त तपासायला लावलं. त्याच्या आठवीतल्या काडीसारख्या पोरीचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

“फॅट वाढावी म्हणून जलमभर म्हशीला सरकी चारली,” रांगेत तो मला म्हणाला, “आन् आता पोरीच्या रक्तातली उतरवायची हाय. साय, लोणी, तळलेलं समदं बंद. तिचं एकटीचं न्हाई, आमचं बी. तिनं एकटीनं का म्हून सोसायचं?”

संध्याकाळी बापलेक बांधाच्या रस्त्यानं भराभर चालताना दिसू लागले. पुढे ती, मागे धापा टाकत हा.

परवा त्याच्या दुधाचा आकडा बराच खाली आला. डेअरीवाल्यानं भांडणाच्या तयारीनं वर पाहिलं. मीही सुस्कारा सोडला.

“लिव्हा,” तो शांतपणे म्हणाला. “काल पोरीचा बी आकडा खाली आलाय.”

आणि त्यानं मिशीवरून बोट फिरवलं.