कोणती टाळू?

अख्ख्या नेरमध्ये माझ्या मामांसमोर तोंड उघडायला लोक घाबरत, आणि मामा तर आयुष्यात कुणावर रागावले नव्हते. ते शाळेत व्याकरण शिकवत आणि समोरच्यानं तोंड उघडलं की आत डोकावत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाव्हण्याला जिलबी खाताखाता जीभ मागे न्यायला लावायचे. "दाताच्या मांगं खडबडीत लागलं? आता टाळू. अजून वर, घुमटाचा माथा, ते मूर्धा! वैद्य डोक्याले मूर्धा म्हणतात, ते येगळं." पाव्हणा जिलबीसकट गुदमरायचा. न्हाव्यानं "गुरुजी, टायूवर तेल जिरवू काय?" म्हटलं, की हे गंभीरपणे विचारणार, "मान वाकवू का तोंड उघडू?" मामी म्हणायच्या, "यायच्याशी साधं बोलनंई कठीन हाय."

पण याच खोडीनं एकदा जे केलं, ते सांगताना माझी मान आजही ताठ होते. मी तेव्हा नोकरीनिमित्त मामांकडेच राहत होतो. जवळच्या खेड्यातला एक शेतकरी बाजाराहून परतताना ओट्यावर टेकला. त्याची तान्ही मुलगी वाळत चालली होती.

"टायू उघडी हाय म्हनते सुईन. सारे म्हनतात, लेकराची असतेच, तेल घाला, भरून येईन. रोज घालून राह्यलो, गुरुजी."

"कोणती टाळू?" मामांनी विचारलं.

"आता टायू म्हंजे टायूच ना!"

"दूध पिते?"

"पिते, पन नाकातून येते."

मामा अनवाणीच त्याच्या बैलबंडीत चढले. घरी पोचल्यावर पोरीला उजेडात नेऊन तोंडात पाहिलं. वरचं छत मधोमध दुभंगलेलं होतं. "डोक्याची टाळू आपोआप भरते, बापा. ही नाही भरत. हिले डॉक्टर पाह्यजे." यवतमाळ, तिथून नागपूर, मामा प्रत्येक खेपेला सोबत गेले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईनं पोरीला बसतं धरून चमच्यानं दूध पाजून जगवलं, आणि ती चालायला लागल्यावर शस्त्रक्रिया झाली.

टाळू सांधली, पण बोल नाकातूनच येत. 'बाबा' म्हणायला जाई आणि 'मामा' बाहेर पडे. बाप कसनुसा हसायचा, "सोताच्या पोरीचा मामा झालो मी." मग मामा दर रविवारी सायकल काढू लागले. तळहातावर कापसाचा पुंजका ठेवायचा, पोरीचं नाक चिमटीत धरायचं आणि तिला फुंकर मारायला लावायचं. कापूस मामांच्या मिशीत अडकला की पोर खिदळून लोळायची. असं वर्षाहून अधिक चाललं.

एका रविवारी मीही गेलो होतो. बाप वावरातून येताना दिसला आणि पोर दारातून ओरडली, "बाबा!"

तो शेताच्या बांधावरच थबकला. "काय म्हनलं वो हिनं?" मग धावत आला, तिला उचलून "अजून म्हन, अजून म्हन" करत राहिला, आणि ती म्हणत राहिली. आमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

परतताना नेर दिसायला लागलं तसे मामा सायकलवरून उतरले आणि चालत चालत म्हणाले, "आता रविवारी जायाचं काही कारण नाही राह्यलं."