माझ्या रक्तातलं, तिच्या नावावर

नऊ वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवळात हात जोडतो तेव्हाही मनातल्या मनात दुसरंच काहीतरी बोलून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरातले नाही. भित्र्या माणसाला एवढं कारण पुरतं.

मी कोल्हापूरचा, कारखान्यात लेथवर काम करतो. माझी बायको वर्षा भंडाऱ्याकडची. नोकरीनिमित्त इथं आली, ओळख झाली, आम्ही लग्न केलं. आईला ती कधीच पसंत नव्हती — लांबची, बोलणं वेगळं, भाकरीपेक्षा भात जास्त खाणारी. तरी दिवस चालले होते. मग आर्या झाली.

जन्मल्यावर दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, तसं आर्याचंही घेतलं. काही दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं — बाळ सिकलसेलचं वाहक आहे. म्हणजे आजारी नाही. औषध नाही, पथ्य नाही, इतर पोरांसारखीच वाढेल. फक्त आईकडून किंवा वडिलांकडून एक दोष रक्तात आलाय. पुढं तिचं लग्न दुसऱ्या वाहकाशी झालं, तर मात्र त्यांच्या पोरांना खरा आजार होऊ शकतो. तेवढं लक्षात ठेवा, आणि तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या.

एवढंच होतं. खरंच, एवढंच होतं! पण मी घरी येऊन सांगितलं आणि आई तिथल्या तिथं म्हणाली, "आमच्यात असलं कधी न्हवतं. तिकडनंच आलंय की हे."

आम्ही दोघांनी रक्त दिलं. वर्षा बाळंतीण, म्हणून रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलतो. दोन पाकिटं होती. तिचं नॉर्मल. वाहक मी.

बाईंनी मला समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. तुमच्या भावंडांना हे कळवा, नात्यातच लग्न ठरत असेल तर आधी तपासणी करा. मी मान हलवली. बाहेर येऊन गाडीजवळ बराच वेळ उभा राहिलो. कसली लाज वाटली मला? आजार नव्हता, कुणी दोष देणार नव्हतं — की देणार होतं? आईनं एकदा माझ्याकडं बघितलं असतं, तेवढ्याचीच भीती. मी दोन्ही पाकिटं फाडली आणि कचराकुंडीत टाकली.

घरी वर्षा पोरीला पाजत होती. मी म्हणालो, "तुझ्याकडनं आलंय."

तिनं कागद मागितला नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवून बसलेली. आर्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "माझ्यामुळं झालं ना जी?" मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जाऊ दे, कुणाची चूक नसते." मोठेपणा दाखवला, बघा. स्वतःचं तिच्या नावावर घातलं आणि वर तिलाच माफ केलं.

त्यानंतर आईनं तिला सोडलं नाही. पोरीला साधी सर्दी झाली तरी "आईचं रक्त". पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर. वर्षा ऐकून घ्यायची. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, पुन्हा एका लेकराच्या रक्तात हे घालायचं नाही मला. मी तेव्हाही बोललो नाही. आम्हाला एकच पोर आहे.

इथं थांबलो असतो तर कदाचित — नाही. कदाचित नाही. पुढचं ऐका.

आर्या दोन वर्षांची होती, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचं, शीतलचं लग्न ठरलं. आजऱ्याच्या आत्याच्या मुलाशी, महेशशी. मामाची मुलगी करायची, आपल्याकडची जुनी रीत. सगळे खूश. मला बाईंचे शब्द आठवत होते. सुपारी फुटण्याआधी एक वाक्य बोलायचं होतं — दोघांचं रक्त तपासा. पण का तपासायचं, असं विचारलं असतं तर? मग माझं पाकीट उघडलं असतं. मी लग्नात मांडवापासून वाढप्यापर्यंत सगळं बघितलं. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

शीतलला शौर्य झाला. त्याचं जन्मताना असं काही तपासलं नव्हतं. दहा महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले, हात लावू देईना. कोल्हापुरात आणला. रक्त तपासलं — नुसता वाहक नाही, आजार. आई-बाप दोघंही वाहक. डॉक्टरांनी कागदावर घराण्याची आकृती काढली. हे तुमच्या वडिलांच्या आणि आत्याच्या बाजूनं आलंय, म्हणाले. मग विचारलं, घरात आणखी कुणाचं तपासलंय?

शीतलनं माझ्याकडं बघितलं. "दादाचं झालंय की. दादा, तुझं काय आलतं?"

एवढी सरळ विचारलेली गोष्ट. पोर तिच्या मांडीवर कण्हत होतं.

मी म्हणालो, "नॉर्मल."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. आईला कळलं की हे आपल्याच घरात होतं. पण वर्षाची माफी तिनं मागितली नाही. कशी मागणार? तिच्या लेखी सून अजून दोषीच आहे.

शौर्य आता पाच वर्षांचा आहे. रोज गोळ्या. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, की हाडं दुखतात, आणि तो ओरडतो तसं लहान मूल ओरडताना मी कधी ऐकलेलं नाही. दोनदा रक्त चढवून झालं. एकदा ताप छातीत उतरला, तेव्हा तो आमच्या हातातून गेल्यातच जमा होता.

परवा त्याला पुन्हा ॲडमिट केलं. वर्षा रजा काढून दुपारी तिथं गेली. मी डबा घेऊन पोचलो तर ती शौर्यचे पाय कोमट फडक्यानं शेकत होती. शीतल रडत होती, माझ्याच रक्तानं पोराचं हे केलं म्हणत होती. वर्षानं तिचा हात धरला. "असं नका बोलू ताई. कुणी जाणून देतं का? मी पण दिलंच ना माझ्या आर्याला. मला ठाऊक आहे आत काय होतं ते."

शीतलनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी दारात उभा होतो. दोघींनाही वाटलं, मी आत्ताच आलोय. मी डबा टेबलावर ठेवला, पाण्याची बाटली भरून आणली आणि कामावर गेलो.