या मंडईले!

एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे मला दोन खोडी लागल्या. गर्दी दिसली की 'पुढं सरका' म्हणायचं, आणि कोणी ओळख दाखवली की आपणही दाखवायची, मग तो माणूस आठवो की न आठवो. निवृत्तीनंतर पहिली खोड घरात चालेना, कारण पुढं सरकायला आम्ही दोघंच. दुसरीनं मात्र गेल्या दिवाळीत माझी चांगलीच फजिती केली.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीतलं, मूल शहराच्या अलीकडचं. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी पाहुणे, हा इकडचा नियम. एकदा 'या मंडईले' म्हटलं की माणसं खरोखर येतात, पोराबाळांसकट येतात, आणि जेवून नाटकाला जातात. या गावात सून होऊन आलेली माझी बायको त्या पाहुण्यांना वाढता वाढता म्हातारी झाली, पण नाटकाचा पहिला अंक तिनं कधी पाहिला नव्हता. पंगत उठवून, भांडी आवरून ती मंडपात पोचायची तेव्हा तिथं शेवटची रडारड चालू असायची. कोण मेलं आणि काऊन मेलं, हे मी तिला सकाळी सांगायचो.

दसऱ्याला सोनं देताना ती म्हणाली, "अजी, यंदा मले नाटक पयल्यापासून पाहाचं हाये. घंटी वाजल्यापासून. यंदा कोणालेच मंडईले या म्हणू नका."

"नाई म्हणत व," मी म्हणालो. आपट्याची पानं हातात घेऊन म्हणालो, म्हणजे शपथच झाली.

नाटकाच्या मंडपात थंडी फार, म्हणून दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिच्यासाठी शाल घ्यायला चंद्रपूरला गेलो. तिथल्या एका मोठ्या दुकानात साबणापासून सदऱ्यापर्यंत सगळं मिळतं आणि सगळ्यावर सूट असते, असं ऐकलं होतं. दारावरच्या माणसानं माझ्या पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून टाकलं. आत आमचा उरलेला चिवडा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या बोचक्यांवर संशय घेतलेला मी, मुकाट्यानं पिशवी पुढं केली.

आत गेल्यावर बायको सरळ शालींपाशी गेली. ती एकेक शाल उलगडायची, गालाला लावायची, उजेडाकडे धरायची आणि होती तशी घडी घालून ठेवायची. मला म्हणाली, "तुमी इथी उभे नका राहू. गाडी घेऊन फिरा थोडं." मी ढकलगाडी घेतली आणि फिरायला लागलो.

अशा ठिकाणी माणूस एकटा सोडू नये. दोनावर एक फुकट म्हणून मी तीन पायपुसणी घेतली. आमच्या घराला दारं दोन. मग चार कप्प्यांचा डबा घेतला. डबा घेऊन जाण्यासारखं कुठलंही ठिकाण मला उरलेलं नाही, तरी घेतला. विजेवर लागणाऱ्या पणत्या घेतल्या. एक टोपी डोक्यावर घालून पाहिली, आरशात मी फार रुबाबदार दिसलो, म्हणून तीही तशीच डोक्यावर ठेवली. घरी आल्यावर कळलं की ती बाईमाणसांची होती.

गाडी भरली तसा मी पैसे देण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. रांग तुंबलेली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चला, पुढं सरका! मधात जागा हाये!" आणि लोक खरंच सरकले. पुढचा एक जण वळून बघतो तर, "अरे, कंडक्टर भाऊ! वळखलं काय?"

"वळखलं ना जी," मी म्हणालो. देवाशपथ, कोण होता मला माहीत नाही. घुग्घुसला खाणीत असतो म्हणाला. बायको, सासू, लेकरं सगळी रांगेत होती. पोरांची चौकशी झाली, सासूच्या गुडघ्यांची झाली. आता बोलणं संपवायचं कसं? इकडे दिवाळीच्या दिवसांत बोलणं एकाच वाक्यानं संपतं. रामराम म्हणावं तसं ते माझ्या तोंडून गेलं.

"या मग मंडईले!"

मागून आणखी एक बाई म्हणाल्या, "आमाले नाई म्हणत काय भाऊ? गडचिरोलीच्या गाडीत रोज असायचो आमी." आता एकाला बोलावून दुसऱ्याला कसं टाळणार? त्यांनाही म्हटलं. त्यांच्याबरोबरच्या बहिणीलाही म्हटलं. अंगात आलं होतं माझ्या.

"हाव भाऊ, येतोच ना! सासूलेही आणतो," घुग्घुसवाला म्हणाला, आणि त्याच वेळी मला माझी बायको दिसली. हातात शाल होती, जांभळी, काठाला बारीक वेल. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती वळली आणि शालींच्या फळीकडे चालू लागली. मी रांग सोडून मागं धावलो.

"काऊन ठेवून राह्यली?"

"कायले घेऊ?" शालीची घडी नीट करत ती म्हणाली. "चुलीपाशी शाल लागत नाई."

तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. राग नव्हता. मी पायपुसणी काढून ठेवली, डबा ठेवला, पणत्या ठेवल्या. शाल गाडीत घातली. तेवढी टोपी डोक्यावर राहून गेली.

"पाहुणे माहे हायेत," मी म्हणालो. "रांधीन मी."

"तुमी?" असं म्हणून ती इतकी हसली की दुकानातली पोरगी काय झालं ते बघायला आली.

मंडईला बोलावलेले सगळे आले आणि न बोलावलेलेही आले. दिवे लागायच्या वेळी बायकोनं जांभळी शाल अंगावर घेतली, वाढायची पळी माझ्या हातात दिली आणि जागा धरायला शेजारणीबरोबर निघून गेली. भात खाली लागला, भाजीत मीठ दोनदा पडलं. पाहुणे बिचारे चांगले, आणखी पाणी मागत जेवले. घुग्घुसवाल्याच्या सासूनं दुखरे गुडघे घेऊन शेवटची भाकर थापली. मी मंडपात पोचलो तेव्हा नाटक संपून लोक घोंगड्या झटकत होते.

सकाळी मी अंगणात भाताचा करपलेला गंज, म्हणजे पातेलं, घासायला बसलो. बायको शाल गुंडाळून ओट्यावर येऊन बसली आणि नाटक सांगू लागली. घंटी वाजली इथपासून. पडद्यावर कोणतं चित्र होतं, पोरीनं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, ती रुसून आत गेली तेव्हा बाप कसा नुसताच उभा राहिला.

"मेलं कोण शेवटी?" मी विचारलं.

"थांबा ना जी, मधात बोलू नका. पयला अंकच चालू हाये अजून."

गंज लख्ख झाला, चहा होऊन थंड झाला, तरी तिचा पहिला अंक संपला नव्हता. आणि मी तिला आजवर अख्खं नाटक चहा उकळेपर्यंत सांगून टाकत होतो.